परक्या मुलखात आलेला लसवाला

नेरळ, कर्जत, खोपोलीहून केईएमला किंवा टाटाला पेशंट घेऊन गेलेल्या बहुतेकांनी परळला 'हाफकिन'ची पाटी पाहिलेली असते. सर्पदंशाचं इंजेक्शन, पोलिओचे डोस, एवढं आपल्याला माहीत. बऱ्याच जणांना ते कंपनीचं नाव वाटतं. हाफकिन हा माणूस होता, आणि तोही इथला नव्हता.

हे आठवायचं कारण असं, की नर्सिंग झालेल्या आपल्याकडच्या मुली आता जर्मनीला, आखातात निघाल्यात. त्यातल्या एकीने परवा विचारलं, "दादा, भाषा धड येत नाही, ओळखीचं कोणी नाही, तिथले लोक ऐकतील का माझं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ही गोष्ट होती.

वाल्डेमार हाफकिनचा जन्म १८६० चा, ओडेसाचा. ज्यू कुटुंबातला, प्राणिशास्त्र शिकलेला. पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आधी ग्रंथालयात लागला, तिथेच कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये पहिली स्वतःलाच टोचून घेतली. त्याला जायचं होतं सयामला. पण पॅरिसमधले ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन आधी इथले व्हाइसरॉय होते, त्यांनी सुचवलं, हिंदुस्थानात जा. मार्च १८९३ मध्ये तो कलकत्त्याला उतरला. तिथल्या एका वस्तीत लोकांनी लस बघून दगड उचलले. याने सर्वांसमोर सदरा वर करून सहकाऱ्याकडून सुई टोचून घेतली. मग लोक पुढे आले. सोबत बंगाली डॉक्टर होते, हे विसरू नका. त्यांच्याशिवाय त्या गल्लीत त्याचं बोलणं कळलं कुणाला असतं?

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकॅशिओ व्हिएगास या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात सरकारने हाफकिनला मुंबईत बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्यावर काम सुरू. तीन महिन्यांत लस तयार! १० जानेवारी १८९७ ला पुन्हा आधी स्वतःच्या अंगात. चांगलाच ताप आला. त्याच महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा राजीखुशीने तयार झालेल्या कैद्यांना लस दिली. न टोचलेल्यांत १२ जण आजारी पडले, त्यातले ६ गेले. टोचलेल्यांत २ आजारी, मृत्यू एकही नाही.

इकडे मुंबई रिकामी होत होती. लोक बोचकी घेऊन आपल्याच या लायनीने घाटाकडे पळत होते आणि कल्याणला उतारूंची तपासणी चालायची. फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. (होय, कोरोनात वापरला तोच.) घाटावर पुण्यात रँडने गोरे सोल्जर घरांत घातले, देवघरापर्यंत. पुढे २२ जूनला काय झालं ते शाळेत शिकलोय आपण. त्याच वर्षी, खोपोलीच्या डोक्यावर असलेल्या लोणावळ्यात हाफकिनची लस टोचली जात होती. टोचलेले किती, न टोचलेले किती, कोण वाचलं, याचा हिशेब ठेवत. घाट एकच, साथ एकच, सरकारही एकच. फरक लोकांच्या दारात कसं जायचं यात होता.

मुंबईत आगाखानांनी चारचौघांत लस घेतली, मग खोजा समाजातले हजारो लोक आले. आमच्या एका वाडीवर कोरोनात हेच बघितलं. साहेब लोक गाडीतून माईकवर सांगत होते, वाडी रानात पळाली. मग आशाताई दंडावरची टोचलेली जागा दाखवत घरोघर फिरल्या. संध्याकाळपर्यंत निम्मी वाडी रांगेत.

पण त्या मुलीला पुढचा भागही सांगितला, लपवला नाही. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबात मुलकोवाल गावी एका बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले. बाटली गावात उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. खापर मात्र हाफकिनवर. तो इंग्रज नव्हता, वैद्यकीय डॉक्टरही नव्हता, लष्करी डॉक्टरांच्या डोळ्यांत आधीपासून खुपत होता. काम गेलं. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉसने इतर शास्त्रज्ञांसोबत 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून त्याची बाजू मांडली, तेव्हा कुठे नोव्हेंबरात तो निर्दोष ठरला. पाच वर्षं!

परत आला तर मुंबईची जागा भरलेली. कलकत्त्याला पाठवलं, तिथे माणसांवर लसीचे प्रयोग करायची परवानगी नाही. काही वर्षांनी तो युरोपात परतला. परळच्या प्रयोगशाळेला त्याचं नाव १९२५ मध्ये मिळालं. १९३० मध्ये तो स्वित्झर्लंडमध्ये, लोझानला वारला.

मुलगी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दादा, म्हणजे तिथे गेल्यावर आधी एखादी तिथली मैत्रीण शोधायची, आणि प्रत्येक बाटलीची नोंद लिहून ठेवायची." पुढच्या महिन्यात निघतेय ती.