‘मुळे’ आणि ‘पासून’

कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला शिवाजी महाराजांची बखर लिहिली. अफजलखानाशी झालेल्या १६५९च्या प्रतापगडच्या लढाईनंतरचा एक छोटा तपशील तिच्यात आहे. त्याच्या आधीचं नाट्य इतकं मोठं आहे की वाचक तो बहुधा ओलांडून जातात. महाराजांनी जखमींना त्यांच्या जखमेकडे बघून कमी-अधिक होन दिले, पडलेल्यांच्या मुलांना सांभाळलं आणि ज्यांच्यामागे मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना नवऱ्याचा निम्मा पगार लावून दिला, असं सभासद सांगतो. बखर म्हणजे हिशेबाची वही नव्हे, आणि ही तर प्रसंगानंतर पस्तीसेक वर्षांनी लिहिलेली. तेव्हा मी हे सुवर्णयुगाचा पुरावा म्हणून सांगत नाही. पण राजाचं मोठेपण सांगताना सभासदाला हा हिशेब सांगावासा वाटला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आणि त्यातली रीतही साधी आहे: जखम बघायची, रक्कम ठरवायची.

पुढे पेशव्यांच्या काळातल्या कागदांत ‘बालपरवेशी’ हा शब्द भेटतो. लढाईत पडलेल्याच्या लहान मुलांच्या पालनपोषणासाठी लावून दिलेली नेमणूक. आज मराठीत हा शब्द कुणी वापरत नाही. मला तो फार आवडतो, कारण त्यात मेहेरबानीचा वास नाही. मूल आहे आणि त्याला वाढवायचं आहे, एवढंच त्यात आहे.

ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या शिपायांसाठी वेगळी वाट काढली. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत बिहारमध्ये भागलपूर आणि आसपासच्या मुलखात थकलेल्या, जायबंदी शिपायांना जमिनी देऊन त्यांच्या वस्त्या बसवल्या गेल्या. त्यांचं नाव ‘इनव्हॅलिड थाणा’. अर्धा शब्द इंग्रजी, अर्धा हिंदुस्तानी. इतिहासकार सीमा अलवी यांनी या थाण्यांवर सविस्तर लिहिलं आहे. यात कंपनीचाही फायदा होता. पडीक जमीन लागवडीखाली येत होती आणि मोक्याच्या जागी आपलं मीठ खाल्लेली माणसं बसत होती. आमच्या कोकणातलं दापोली हेही असंच पेन्शनीत आलेल्या सैनिकांचं गाव. गोपाळबाबा वलंगकर आणि सुभेदार मेजर रामजी सकपाळ हे दोघेही लष्करातून निवृत्त होऊन तिथे राहिले. नियमित येणारी पेन्शन, थोडं शिक्षण आणि सरकारदरबारी अर्ज कसा लिहायचा याची जाण, या तीन गोष्टींनी त्या वस्तीत काय घडवलं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मला इथे ज्याबद्दल लिहायचं आहे तो एक इंग्रजी शब्दप्रयोग आहे. ‘अ‍ॅट्रिब्यूटेबल टू ऑर अ‍ॅग्रॅव्हेटेड बाय मिलिटरी सर्व्हिस’. भारतीय सैनिकाची अपंगत्वाची पेन्शन आजही या सात-आठ शब्दांवर तोललेली आहे. लष्कराच्या १९६१च्या पेन्शन नियमावलीतला १७३वा नियम सांगतो की अपंगत्वामुळे सेवेतून काढावं लागलेल्या माणसाचं अपंगत्व सैनिकी सेवेला ‘अ‍ॅट्रिब्यूटेबल’ किंवा तिच्याने ‘अ‍ॅग्रॅव्हेटेड’ असेल आणि ते वीस टक्के वा अधिक भरत असेल, तर ही पेन्शन मिळेल.

शब्दप्रयोग ब्रिटिश आहे. पहिल्या महायुद्धाने त्याला जन्म दिला. लाखो माणसं खंदकांतून परतली ती गोळी लागून नव्हे, तर छातीचे, हृदयाचे, मनाचे आजार घेऊन. बघायला जखम नव्हती. मग प्रश्न आला की हा आजार कुणाचा, माणसाचा की युद्धाचा? आपल्याकडेही ती माणसं परतली. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने त्या युद्धात इतकी माणसं दिली की गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागलं ते कायमचं. १९१७ साली लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने जायबंदी सैनिकांना हातकाम शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल संस्था मुंबईत सुरू झाली. ती नंतर खडकीला आली आणि आजही तिथे आहे. पण तिथे प्रामुख्याने हात-पाय गमावलेल्यांचा विचार होता. ज्यांचं काहीच तुटलेलं दिसत नव्हतं त्यांचं काय, हे कागदावरच ठरायचं होतं.

कागदावर कळीचा प्रश्न हा की सिद्ध कुणी करायचं. ब्रिटनने १९४३मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असतानाच, हे ओझं सैनिकाच्या खांद्यावरून काढून सरकारच्या खांद्यावर ठेवलं. आपल्याकडच्या १९८२च्या नियमांतही तेच तत्त्व आहे, आणि मला ते नियम वाचताना खरोखर नवल वाटलं. सरकारी नियमांत इतका माणुसकीचा मजकूर सहसा सापडत नाही. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी कागदावर काही नोंदवलं नसेल, तर माणूस धडधाकट होता असं धरायचं. पुढे प्रकृती बिघडून त्याला काढावं लागलं, तर ती सेवेमुळे बिघडली असं धरायचं. दावा करणाऱ्याला पुरावा मागायचा नाही. वाजवी शंका असेल तर तिचा फायदा त्याला द्यायचा, आणि तो रणभूमीवर असेल तर अधिक मोकळ्या हाताने द्यायचा.

या नियमांशी माझा संबंध आला तो एका प्रतिज्ञापत्राच्या भाषांतरामुळे. मी पोटापाण्यासाठी कादंबऱ्यांबरोबर अशी कामंही करते. माण तालुक्यातल्या एका बाईंचं निवेदन मराठीत होतं आणि लष्करी न्यायाधिकरणापुढे ते इंग्रजीत जायला हवं होतं. त्यांचे यजमान नव्वदच्या दशकात, आठ वर्षांच्या नोकरीनंतर, मानसिक आजाराच्या कारणाने बोर्ड होऊन घरी आले. (गावाकडे ‘बोर्ड होणं’ हे क्रियापदच आहे, मेडिकल बोर्डाने घरी पाठवलं असा त्याचा अर्थ.) बाईंचं मुख्य वाक्य होतं, “तिकडून आले ते असेच आले. त्यापासनं हे असं आहे.”

वकिलांनी पेन्सिलीने समासात लिहिलं होतं: ‘ड्यू टू’ करा.

मी बाईंना फोन केला. म्हटलं, “वहिनी, नोकरीमुळे झालं असं म्हणायचंय का तुम्हाला?” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “ताई, मुळं का कशामुळं ते डाक्टरनं सांगायचं. मी तिथं नव्हते. लग्नात बरे होते, पहिल्या दोन सुट्ट्यांना बरे होते, मग असे आले. मला एवढंच ठाव.”

एमएला आम्हाला तौलनिक साहित्य शिकवताना सर म्हणायचे की दोन भाषांमधला फरक शब्दकोशात कमी आणि प्रत्ययांत जास्त असतो. मला ते त्या दिवशी पटलं. इंग्रजी ‘अ‍ॅट्रिब्यूटेबल’मध्ये एक सैलपणा आहे. ‘कारण म्हणून त्याच्याकडे बोट दाखवता येईल असा’, एवढाच त्याचा अर्थ. कुणीतरी बोट दाखवायचं आहे आणि ते दाखवण्यात फारशी ओढाताण नसावी. हे मराठीत आणायला गेलं की हाताशी पहिला येतो तो ‘मुळे’. आणि ‘मुळे’ हा ठाम शब्द आहे. तो थेट मुळाशी जाऊन कारण उपटून दाखवल्याचा दावा करतो. म्हणजे मराठीत तोच नियम मूळ नियमापेक्षा कडक होतो. ‘नोकरीमुळे झालेला आजार’ म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, कशावरून?

उलट त्या बाईंचा शब्द ‘पासून’ होता. ‘पासून’ काळ सांगतो, कारण सांगत नाही. पण १९८२चे नियम पुन्हा वाचले तेव्हा लक्षात आलं की कायदा नेमका तेवढंच मागत होता. आधी नव्हतं, सेवेत असताना सुरू झालं. ‘पासून’ सिद्ध झालं की ‘मुळे’ कायद्याने मानून घ्यायचं. आता उलट बाजूने काही असेल तर ते सरकारने दाखवायचं. मी भाषांतरात ‘सिन्स’ ठेवलं आणि वकिलांना नियमाचा क्रमांक लिहून पाठवला. त्यांनी ते तसंच ठेवलं.

प्रत्यक्षात मात्र फायलींवर वर्षानुवर्षं एक चार अक्षरी शिक्का पडत आला आहे: ‘नायदर अ‍ॅट्रिब्यूटेबल नॉर अ‍ॅग्रॅव्हेटेड’, थोडक्यात एन-ए-एन-ए. बोलताना त्याचं ‘नाना’ होतं. मराठी कानाला हे विचित्रच वाटतं, कारण आमच्याकडे नाना म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस. त्या शिक्क्याबरोबर पुष्कळदा ‘कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर’ असं एखादं कारण असतं, म्हणजे आजार तुमच्या घडणीतच होता. पण ज्या घडणीत तो होता ती भरतीच्या वेळी तपासून, मापून, धावायला लावून घेतली होती, त्याचं काय?

हाच प्रश्न जुलै २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. सिग्नल कोअरमधला एक जवान, १९८५ साली भरती झालेला आणि १९९४ साली फेफऱ्याच्या आजारामुळे वीस टक्के अपंगत्व ठरवून काढलेला. शिक्का ‘नाना’. न्यायालयाने १९८२चे नियम एकेक करून वाचले आणि म्हटलं की भरतीच्या वेळी नोंद नाही, बोर्डाने आपल्या मताची कारणं दिलेली नाहीत, तेव्हा गृहीत जवानाच्या बाजूने धरायचं. निकाल जवानाच्या नावाने ओळखला जातो आणि त्यानंतरच्या असंख्य निकालपत्रांत ते नाव येतं. मी ते इथे मुद्दाम लिहीत नाही. एखाद्याचं नाव त्याच्या आजाराचं नाव होऊन बसावं, हे मला रुचत नाही.

दरम्यान नियम बदलले होते. १ जानेवारी २००८पासून लागू झालेल्या नव्या नियमांतून ते जुनं गृहीत निघून गेलं. आजार सेवेत असताना दिसून आला, एवढ्यावरून तो सेवेला ‘अ‍ॅट्रिब्यूटेबल’ ठरत नाही, असं त्यांत आलं. माझ्या भाषेत सांगायचं तर सरकारने ‘पासून’ खोडलं आणि ‘मुळे’ मागितलं. एरवी दावेदाराला पुरावा मागायचा नाही हे राहिलं, पण निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी दावा केला तर ओझं त्याच्यावर. मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की नव्या नियमांखालीही बोर्डाला कारणं द्यावीच लागतील. आजार शांत ठाण्यावर असताना सुरू झाला, एवढं म्हणून भागणार नाही. म्हणजे ओढाताण अजून चालू आहे, आणि ती पुन्हा एका अव्ययावरूनच आहे.

यावर किती काय अवलंबून आहे ते बघा. जवानाला नेहमीची पेन्शन पंधरा वर्षांच्या सेवेनंतर मिळते. त्याआधी आजाराने काढलं आणि आजार सेवेचा मानला नाही, तर ‘इनव्हॅलिड पेन्शन’साठी दहा वर्षं लागत. त्याहून कमी असतील तर एकरकमी ग्रॅच्युइटी आणि घरचा रस्ता. जुलै २०२०मध्ये सरकारने ही दहा वर्षांची अट काढली, पण ४ जानेवारी २०१९ला किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांपुरतीच. म्हणजे वर सांगितलेले आठ-नऊ वर्षांवाले बाहेरच. बायकांचंही तेच. मृत्यू सेवेशी जोडला गेला नाही तर पत्नीला साधी कुटुंब पेन्शन, शेवटच्या पगाराच्या तीस टक्के. जोडला गेला तर साठ. युद्धात किंवा तशा मोहिमेत मृत्यू झाला तर पूर्ण पगार. सभासदाचा निम्मा पगार या तीन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी बसतो, आणि त्याला कोणतंही विशेषण लागलेलं नव्हतं.

दवाखान्याचं दारही त्याच किल्लीने उघडतं. माजी सैनिकांसाठीची ईसीएचएस ही आरोग्य योजना १ एप्रिल २००३ला सुरू झाली. गावोगावच्या माजी सैनिकांच्या तोंडी तिचं नाव ‘पॉलिक्लिनिक’. त्यापूर्वी लष्करी इस्पितळात जागा असेल तशी सोय होत असे. आता जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी आणि पुढे यादीतल्या खाजगी इस्पितळात उपचार. योजनेत बिलांच्या उशिरापासून औषधांच्या तुटवड्यापर्यंत हजार तक्रारी असतील, पण साठीनंतर गुडघा आणि हृदय दोन्ही धरून बसलेल्या माणसाला ती केवढा आधार आहे हे मी पाहिलं आहे. मात्र तिची मूळ अट अशी की माणूस पेन्शनर हवा. म्हणजे ज्याला आजाराने काढलं, ज्याचा आजार सेवेचा मानला गेला नाही आणि म्हणून ज्याला पेन्शन नाही, त्याला त्या आजारावर उपचारही नाहीत. मानसिक आजाराची औषधं जन्मभर घ्यावी लागतात. माणच्या त्या वहिनी दर महिन्याला ती तालुक्याच्या दुकानातून विकत आणतात.

या अटीबाहेर राहिलेल्यांतला सर्वांत जुना गट दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांचा. त्या युद्धात सुमारे पंचवीस लाख भारतीय लढले. युद्ध संपल्यावर बहुतेकांना सेवा थोडी भरली म्हणून पेन्शनीशिवाय घरी पाठवलं गेलं. त्यांना, आणि त्यांच्याबरोबर आणीबाणीच्या व अल्पमुदतीच्या कमिशनवर घेतलेल्या अधिकाऱ्यांना, ईसीएचएसचं दार उघडण्याचा निर्णय मार्च २०१९मध्ये झाला. १९४५ साली अठरा वर्षांचा असलेला जवान तेव्हा ब्याण्णव वर्षांचा होता.