इन्फेर्नुस : 'खालचा' या शब्दाचा नरक कसा झाला? (थ्रेड)

दान्तेच्या 'इन्फेर्नो'मुळे हा शब्द ऐकताच आग आणि यातना डोळ्यांपुढे येतात. मूळ लॅटिन शब्दात यांपैकी काहीच नाही. 'इन्फेरुस' म्हणजे खालचा. 'इन्फेर्नुस' हे त्यावरूनच घडलेले विशेषण. आमच्या वणीत 'वर' म्हणजे सप्तशृंगीचा गड आणि 'खाली' म्हणजे गाव. तितकाच हा निरुपद्रवी शब्द. रोमन लोक मृतांना 'इन्फेरी', म्हणजे 'खालचे', म्हणत. पापी-पुण्यवान हा भेद त्या नावात नव्हता.

आता गंमत पाहा. 'इन्फेरुस'चा सख्खा भाऊ संस्कृतात आहे : 'अधर', म्हणजे खालचा. (खालच्या ओठाला 'अधर' म्हणतात तो यामुळेच.) आणि 'इन्फिमुस', सर्वांत खालचा, म्हणजे आपला 'अधम'!

ध्वनी जुळत नाहीत? नकारार्थी उपसर्ग आठवा : लॅटिनमध्ये 'इन्', संस्कृतात 'अ'. 'ध' आणि 'फ'ची जोडी 'धूम' आणि 'फूमुस' (धूर) यांत दिसते. शब्दाच्या मध्यभागी मात्र लॅटिनमध्ये 'द' अपेक्षित असतो, जसे 'मध्य' आणि 'मेदिउस'. म्हणून हा 'फ' इटलीतील शेजारच्या एखाद्या बोलीतून आला असावा, असे काही भाषाशास्त्रज्ञ मानतात.

या नात्याची चाहूल युरोपीयांना लागली ती गोव्यात. 'क्रिस्तपुराण' (१६१६) रचणारे फादर थॉमस स्टीफन्स यांनी १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात, इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचे नोंदवले. विल्यम जोन्सचे गाजलेले भाषण १७८६ चे, म्हणजे तब्बल २०३ वर्षांनंतरचे!

ख्रिस्ती लॅटिनमध्ये मृतांचे 'खाली' हळूहळू शिक्षेचे स्थान बनले. पण जुना अर्थ पुसला गेला नाही. ख्रिस्ताने मृत्यूनंतर 'इन्फेरी'कडे अवरोहण केले, असे श्रद्धाप्रकटनात म्हटले जाते. आता याचे भाषांतर 'नरकात उतरला' असे केले, तर सगळा अर्थच पालटतो.

भाषांतरकाराची खरी कसोटी इथे लागते. गोव्याच्या कोकणी ख्रिस्ती प्रार्थनांत शिक्षेच्या नरकासाठी 'यमकोंड' रुजला, यम आपलाच. 'पाताळ' हाताशी होते, पण विष्णुपुराणातला नारद पाताळ पाहून येतो आणि ते स्वर्गाहून रम्य असल्याचे सांगतो! नरक त्याहून वेगळे.

१६११ च्या इंग्रजी किंग जेम्स बायबलने मृतांचे स्थान 'हेडीस' आणि शिक्षेचे 'गेहेन्ना' या दोहोंसाठी 'हेल' हा एकच शब्द वापरला. मराठी बायबलने ते वेगळे ठेवले : गेहेन्नासाठी 'नरक' आणि हेडीससाठी 'अधोलोक'. या 'अधोलोका'तले 'अधस्' हे 'इन्फेरुस'च्याच मुळातून आलेले आहे.