क्लब कोणाचा?

गावातल्या विकास सोसायटीची किंवा दूध संस्थेची वार्षिक सभा तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. अहवाल छापलेला असतो, वाचलेला सहसा कोणी नसतो. तरी एखादे आजोबा मागच्या रांगेतून उठतात आणि विचारतात, "चेअरमनसाहेब, पान बारावरचा हा खर्च कसला?" गलका होतो, चहा निवून जातो. समाधानकारक उत्तर मिळतेच असे नाही. पण विचारण्याचा हक्क आजोबांचा असतो, कारण ते सभासद आहेत. एक सभासद, एक मत. मग शेअर एक असो की शंभर.

आज मला बोलायचे आहे ते अशा माणसांविषयी, की ज्यांच्या मनात शंका होत्या, पण ज्यांना उठून विचारायला सभाच नव्हती. ही माणसे म्हणजे मुंबईपासून ठाणे, डोंबिवली, कल्याणपर्यंतच्या रेल्वेच्या पट्ट्यात राहणारे फुटबॉलचे शौकीन.

तुम्ही म्हणाल, ठाण्या-डोंबिवलीत फुटबॉल कुठला? तिकडे क्रिकेट, नाही तर नाटक! तसे म्हणायला जागा आहे. देशातल्या पहिल्या वर्गात खेळणारा संघ या गावांनी स्वतःचा म्हणून उभा केलेला नाही. पण १८५३ साली रेल्वे ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी कल्याणला पोचली, आणि तेव्हापासून इथला माणूस नोकरीसाठी मुंबईला जातो तसा करमणुकीसाठीही जातो. फुटबॉलसाठी जायचे ते कूपरेजला. कल्याणहून बोरीबंदर सुमारे ५४ किलोमीटर. तिथे उतरायचे, फाउंटनवरून ओव्हलच्या कडेने चालत जायचे, सामना पाहायचा आणि रात्रीच्या गर्दीत लोंबकळत घरी यायचे. इतके करणाऱ्याला नुसता प्रेक्षक म्हणणे मला तरी बरोबर वाटत नाही.

मुंबईचे जुने नावाजलेले संघ बहुतेक कंपन्यांचे किंवा खात्यांचे. महिंद्रांचा संघ १९६२ सालचा. पुढे तो महिंद्रा युनायटेड झाला, २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकला, आणि २०१० साली कंपनीने तो बंद केला. मुलांच्या फुटबॉलकडे यापुढे लक्ष देऊ, असे कंपनीने सांगितले. एअर इंडियाचा संघही २०१३ नंतर राष्ट्रीय लीगमध्ये राहिला नाही.

आता ज्या संघाची गोष्ट सांगायची आहे, तो मुंबई एफ. सी. एस्सेल उद्योगसमूहाने २००७ साली तो काढला. पिवळा सदरा, नावात शहराचे नाव. कंपनीच्या नावाचा संघ हा कंपनीचाच, हे सर्वांना कळते. पण नावात 'मुंबई' आले की ठाण्याचा आणि कल्याणचाही माणूस त्याला आपला समजू लागतो. २००८ साली संघ पहिल्या वर्गात आला. मैदानाचे हाल मात्र संपेनात. कूपरेजचे काम निघाले तेव्हा मुंबईच्या या संघाचे घरचे सामने पुण्याला बालेवाडीत होऊ लागले. म्हणजे घरच्या सामन्याला जायचे तर बोरघाट चढून!

२००९ साली संघाची सूत्रे खालिद जमील यांच्या हाती आली. हे स्वतः महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळलेले आणि शेवटी याच मुंबई एफ. सी.त आलेले गृहस्थ. बोलणे कमी, शिस्त कडक. त्यांच्या कारकिर्दीत संघाने मोठे चषक आणले नाहीत. पण वर्षामागून वर्षे तो पहिल्या वर्गात टिकला. थोड्या पैशात टिकणे म्हणजे काय, हे कोरडवाहू शेती करणाऱ्याला समजावून सांगायला नको. २०१६ साली क्लबाची आणि जमील यांची फारकत झाली.

पुढे जे घडले ते कुणी कथेत लिहिले असते तर आपण म्हटले असते, लेखकाने फारच जुळवून आणले. जमील गेले मिझोरामच्या ऐजॉल एफ. सी.कडे. हा संघ नुकताच खालच्या वर्गात ढकलला गेला होता. त्याच सुमारास साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या क्लबांनी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या आराखड्याच्या निषेधार्थ आय-लीग सोडली, जागा रिकाम्या झाल्या, आणि ऐजॉलला परत घेतले. जमील यांच्याबरोबर जयेश राणे, आशुतोष मेहता असे मुंबई एफ. सी.कडून खेळलेले गडीही तिकडे होते. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला ऐजॉलने एक-एक अशी बरोबरी साधली आणि मोहन बागानला एका गुणाने मागे टाकून आय-लीग जिंकली. ईशान्य भारतातला हा पहिलाच राष्ट्रीय विजेता संघ.

आणि मुंबई? त्याच हंगामात दहा संघांत दहावी. संतोष कश्यप यांच्या हाती संघ दिला होता. हंगामाच्या मध्यावर ते गेले आणि स्पेनचे ऑस्कर ब्रुझॉन आले. काही उपयोग झाला नाही. संघ खालच्या वर्गात गेला, आणि खालच्या वर्गात खेळलाही नाही. क्लबच बंद झाला.

हंगाम बिघडला की प्रेक्षक आधी गोलकीपरवर चिडतो, मग प्रशिक्षकावर. चालकांकडे त्याची नजर सर्वांत शेवटी जाते. पण एकदा गेली की हटत नाही. टिकवणारा माणूस का गेला? मध्येच प्रशिक्षक का बदलला? हा क्लब चालवायचा आहे, की गुंडाळायचा आहे? या प्रश्नांना चांगली उत्तरेही असू शकतील. मालकांच्या बाजूनेही बोलायला पाहिजे. पैसा त्यांचा जात होता. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली, तिच्यात मुंबई सिटी हा दुसरा संघ आला. त्याचे पहिले दोन हंगाम तर आपल्या ठाणे जिल्ह्यातच, नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर झाले. डोंबिवलीकराने ठाण्याला गाडी बदलली की थेट नेरूळ! जुन्या लीगला उतरती कळा लागली होती, आणि नव्या लीगचे दार आय-लीग जिंकूनही उघडत नव्हते. अशा धंद्यात पैसा किती दिवस ओतायचा, हा प्रश्न कोणालाही पडेल. माझी तक्रार क्लब बंद केल्याची नाही. ज्यांनी त्याला आपले म्हटले त्यांना ऐकून घेण्याची काही सोयच त्या घडणीत नव्हती, ही आहे. तिकीट काढणारा गिऱ्हाईक होता, सभासद नव्हता.

सोय असली म्हणजे काय होते, ते स्पेनमध्ये दिसले. बार्सिलोना क्लबाचे मालक त्याचे सभासदच, तेही लाखावर. ऑगस्ट २०२० मध्ये जर्मनीच्या बायर्नने त्यांचा आठ-दोन असा धुव्वा उडवला, आणि पाठोपाठ मेस्सीने क्लब सोडण्याची इच्छा लेखी कळवली. सभासदांनी अध्यक्ष बार्तोमेऊंविरुद्ध अविश्वासाच्या मागणीवर वीस हजारांहून अधिक सह्या गोळा केल्या. मतदान होण्याआधीच, २७ ऑक्टोबरला, अध्यक्षांनी आणि मंडळाने राजीनामे दिले. त्याने क्लबाचे कर्ज फिटले नाही, आणि पुढच्या वर्षी मेस्सीही गेलाच. पण राग रस्त्यावर न जाता मतपेटीकडे गेला. जर्मनीत तर, थोडे अपवाद सोडले, तर क्लबाच्या कारभारात निम्म्याहून जास्त मते सभासद-संस्थेकडेच ठेवावी लागतात.

इतक्या लांब कशाला? आपल्या कोल्हापुरात या. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही तालमींची आणि पेठांची नावेच संघांची नावे. तिथे कागदावरचा हक्क कोणाला किती, तो भाग सोडा, पण संघ हरला तर चालकाला संध्याकाळी पानाच्या दुकानावर गाठता येते आणि "काय हो, त्याला का बसवलात?" असे विचारता येते. चालक त्याच गल्लीत राहतो. शाहू स्टेडियमवरची ईर्षा कधीकधी हाणामारीपर्यंत जाते, ते मला मुळीच पसंत नाही. पण एक हंगाम वाईट गेला म्हणून कोल्हापूरकर तालीम गुंडाळत नाहीत.

खालिद जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या संघाचे प्रशिक्षक झाले. तेरा वर्षांनंतर ही जागा भारतीय माणसाला मिळाली. त्यांना कूपरेजच्या कडेला उभे राहून खेळाडूंना ओरडताना पाहिलेली माणसे ठाण्यात आणि डोंबिवलीत आजही आहेत. ज्या संघासाठी ते ओरडत होते, तो मात्र आता कोणत्याही गुणतक्त्यात सापडत नाही.