ट्राम, सूतिकागृह आणि उत्तरदायित्व

1874 सालच्या मे महिन्याच्या 9 तारखेस मुंबईत घोड्यांची ट्राम प्रथम धावू लागली, कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीस आणि बोरीबंदराहून काळबादेवीमार्गे पायधुणीसच, तेव्हा तिचा परवाना स्टर्न्स आणि किट्रेज या अमेरिकन गृहस्थांच्या नावे होता. आणि त्यांपैकी जॉर्ज किट्रेज यांनीच पुढे नऊ-दहा वर्षांनी सोराबजी शापूरजी बेंगाली यांच्या साहाय्याने हिंदी स्त्रियांच्या वैद्यकीय शुश्रूषेसाठी निधी उभारला, ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगी नाही. सार्वजनिक सोय एकदा उभी राहिली की ती पुढे कोणाच्या हाती असावी आणि त्याने कोणाला हिशेब द्यावा, हा प्रश्न या शहराने ट्रामच्या बाबतीत आणि बाळंतिणीच्या बाबतीत जवळजवळ एकाच काळी हाताळला.

त्या काळी परपुरुषाकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या स्त्रिया सर्व जातींत आणि धर्मांत होत्या. निधीच्या चालकांनी म्हणून तीन गोष्टी मागितल्या: विलायतेहून स्त्री-डॉक्टर आणाव्यात, त्यांच्याच ताब्यात एक रुग्णालय असावे, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजचे दरवाजे मुलींना उघडावेत. डॉ. ईडिथ पीची 1883 च्या डिसेंबरात येऊन दाखल झाल्या. त्याआधी थोडेच दिवस, 22 नोव्हेंबरला, पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून व्हावयाच्या रुग्णालयाची कोनशिला बसली होती, आणि 1886 साली ते सुरू झाले. पारशी दात्यांच्या मुंबईत लाखाची देणगी दुर्मीळ नव्हती. माझ्या मते या प्रकरणाचे खरे मोल देणगीपेक्षा तिच्याबरोबर घातलेल्या अटीत आहे, कारण रुग्णालय सरकारी राहील पण त्याचा कारभार स्त्री-डॉक्टरच पाहतील, हे तिने पक्के केले. आणि त्यामुळेच डॉ. रखमाबाई लंडनहून वैद्यकीचे शिक्षण घेऊन परतल्या तेव्हा त्यांना काम करावयास जागा होती.

ट्रामच्या दफ्तरातही अशीच एक अट सापडते. 1905 साली विजेचा पुरवठा आणि ट्राम यांचा मक्ता ‘बेस्ट’ या नव्या कंपनीकडे गेला, 7 मे 1907 रोजी विजेची पहिली ट्राम धावली, आणि नफा-तोट्याचा जाब कंपनीच्या व्यवस्थापकांनी भागधारकांस द्यावा असाच क्रम चालू राहिला. परंतु करारनाम्यात मुदतीअंती सारा कारभार विकत घेण्याचा हक्क म्युनिसिपालिटीने राखून ठेवला होता. तो तिने 7 ऑगस्ट 1947 रोजी बजावला, आणि तेव्हापासून बेस्टचा जनरल मॅनेजर नगरसेवकांच्या समितीपुढे उत्तर देण्यास बांधला गेला, त्याचे अंदाजपत्रकही कॉर्पोरेशनच्या मंजुरीवाचून पुरे होईना.

मात्र लालबाग-परळच्या चाळींत राहून गिरणीत राबणाऱ्या बाईच्या वतीने करारनामा करावयास कोणी नव्हते. 1921 साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सुमारे 666 अर्भके वर्षाच्या आत दगावली. एका खोलीत राहणाऱ्यांत हा आकडा 828 होता, तर चार किंवा अधिक खोल्यांच्या बिऱ्हाडांत 133. यातला काही भाग फसवा आहे हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण कोकणातल्या बायका बाळंतपणाला गावी जात, मूल तिकडे जन्मे आणि मृत्यूची नोंद मात्र मुंबईच्या खात्यावर पडे. तरीही 828 आणि 133 यांतील दरी एवढ्याने भरून निघत नाही. सरकारच्या कामगार खात्याने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणी-कामगार स्त्रियांच्या बाळंतपणांची पाहणी केली तेव्हा त्यांना घरोघर अफूची बाळगोळी दिसली. आई पाळीवर जाताना ती तान्ह्या पोराला चाटवी, म्हणजे ते दिवसभर गुंगीत पडून राही. त्या मातेस निर्दय म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की तिने रजा घेतली तर मजुरी बुडे, आणि मजुरी बुडाली तर चूल पेटत नसे.

नारायण मल्हार जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिसाहाय्याचे विधेयक आणले, ते फेटाळले गेले. पुढे 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात असवले यांच्या अशाच विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा उद्योगावर भार पडेल, बायकांना कामावरून काढतील, असे आक्षेप निघाले. त्यावर डॉ. आंबेडकरांनी प्रसूतीच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, असे प्रतिपादन केले. पण सरकार उचलीत नाही एवढ्या कारणाने, स्त्रियांच्या श्रमांतून नफा मिळविणाऱ्या मालकाला मोकळे सोडणेही त्यांस मान्य नव्हते. 1929 चा कायदा हिंदुस्थानात या विषयावरचा पहिला. त्याने रोजी आठ आणे देवविले, तेही फक्त काही आठवडे आणि सर्वस्वी मालकाच्या खिशातून. शासनाकडे उरले ते देखरेखीचे काम. मालकाच्या एकट्याच्या खांद्यावरून हा भत्ता काढून विम्याच्या सामाईक निधीवर ठेवण्याची तरतूद, आंबेडकर केंद्रीय मंत्रिमंडळात असताना, 1948 च्या कामगार राज्य विमा कायद्यात झाली.