डब्बा टीव्ही, टँकचा खेळ आणि नवा पडदा

जुने व्हिडिओ गेम खेळण्यासाठी ओएलईडी टीव्ही घ्यावा की मिनी-एलईडी? शोरूममध्ये हा प्रश्न पैशांचा आणि तंत्राचा वाटतो. खरे तर तो इतिहासाचा आहे. १९८० आणि ९०च्या दशकांतले खेळ एका विशिष्ट काचेच्या पडद्यासाठी तयार झाले होते. तो पडदा आता भंगारात गेला. त्याची जागा कोणी घ्यायची हे ठरवण्याआधी तो काय करत होता, हे समजून घ्यावे लागेल. कर्जत-खालापूर पट्ट्यात ही गोष्ट विजेपासून सुरू होते.

लोणावळ्याच्या तलावांतले पाणी नळांतून घाटाखाली सोडून टाटांनी खोपोलीत वीजनिर्मिती सुरू केली ती १९१५ मध्ये. पुढे १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. ही वीज प्रामुख्याने मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. वीज आपल्या डोंगरात तयार होत होती, पण आसपासच्या वाड्या-पाड्यांत दिवा लागायला अनेक दशके गेली.

टीव्हीचेही तसेच झाले. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळीचा मनोरा आणि कर्जत यांच्यामध्ये माथेरानचा डोंगर उभा. म्हणून छपरावर उंच नळी, तिच्यावर अँटेना, खाली बुस्टर, आणि एवढे करूनही पडद्यावर मुंग्या. मुस्लीम घरांत आणखी एक अडथळा होता. चित्र पाहणे जायज की नाजायज, यावर वाद होते, काही उलेमांचा टीव्हीला उघड विरोध होता. तरी टीव्ही आला. १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झाले, १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झाले, १९९० मध्ये 'द सोर्ड ऑफ टिपू सुलतान'. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या घरी मोहल्ला. कोणाच्या दारात कोणत्या धर्माची चप्पल आहे, हे तेव्हा कोणी पाहत नसे.

याच टीव्हीला पुढे 'टीव्ही गेम' जोडला गेला. निन्टेन्डोने जपानमध्ये फॅमिकॉम हे यंत्र १९८३ मध्ये आणले. आपल्याकडे मुख्यतः त्याच्या स्वस्त नकला पोहोचल्या. मारिओ, काँट्रा आणि 'टँक' या नावाने ओळखला जाणारा बॅटल सिटी हे खेळ मुलांनी त्यांवरच पाहिले. कार्ट्रिजला सगळे 'कॅसेट' म्हणत. वायर अँटेनाच्या भोकात किंवा पिवळ्या पिनेत जात असे. घरात टीव्ही एकच, त्यामुळे बातम्या संपेपर्यंत थांबणे हाही खेळाचाच भाग होता.

या यंत्राचे चित्र २५६ गुणिले २४० ठिपक्यांचे. डब्बा टीव्हीत मागून येणारा इलेक्ट्रॉनचा झोत काचेच्या आतल्या लेपावर एकेक रेघ ओढत जाई. झोत पडला की लेप क्षणभर चमके आणि लगेच विझे. दोन रेघांमध्ये बारीक अंधार राही. ठिपक्यांच्या कडा मऊ होत. खेळ बनवणाऱ्यांना हे ठाऊक होते. १९९१ च्या सॉनिकमधला धबधबा उभ्या पट्ट्या एकाआड एक ठेवून काढलेला आहे. साध्या वायरीतून येताना त्या पट्ट्या एकमेकींत मिसळत आणि पाणी पारदर्शक भासे. आजच्या स्वच्छ पडद्यावर नुसत्या पट्ट्या दिसतात. बदक मारण्याची बंदूकही त्या झोताच्या वेळेवर चालायची. नव्या कोणत्याही टीव्हीवर ती मुकी आहे.

डोळा फसतो कसा, हा विचार आपल्या परंपरेत जुना आहे. बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथात भोवऱ्याचे उदाहरण दिले. रंगीत पट्ट्यांचा भोवरा वेगाने फिरला की सगळे रंग मिसळून एकच दिसतो. यावरून रंग ओळखायला डोळ्याला काही वेळ लागतो, असे त्यांनी मांडले. नव्या पडद्याची एक अडचण डोळ्याच्या याच सवयीशी जोडलेली आहे. डब्बा टीव्हीवर चित्राचा प्रत्येक भाग क्षणभरच चमके. नवा पडदा तेच चित्र पुढचे येईपर्यंत, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे असतील तर सुमारे १७ मिलिसेकंद, धरून ठेवतो. डोळा मात्र मारिओच्या मागे सरकत असतो. म्हणून धावता मारिओ पुसट दिसतो.

आता दोन्ही पर्याय पाहू. ओएलईडीचे मूळ कोडॅकच्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात आहे. यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. त्यामुळे काळा म्हणजे खरोखर काळा. जुन्या खेळांत काळी पार्श्वभूमी भरपूर असते, तिथे हा पडदा अव्वल ठरतो. दोष असा की तासन् तास एका जागी राहणारा स्कोअर डाग सोडू शकतो.

मिनी-एलईडीत पडद्यामागे हजारो बारीक दिवे असतात आणि ते गटागटाने कमी-जास्त होतात. फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके असतात. दिव्यांचे गट हजार धरले, तर एका गटाच्या वाट्याला आठ हजारांहून जास्त ठिपके येतात. जुन्या खेळातला एक ठिपका फोर-केवर नऊ गुणिले नऊ, म्हणजे ८१ ठिपक्यांचा होतो. तेवढ्या एका गोळीसाठी अख्खा गट उजळतो आणि काळ्यात धुरकट वलय दिसते. मात्र याचा उजेड दांडगा असतो. जुन्या रेघांचा भास देणारे फिल्टर लावले किंवा पुसटपणा घालवायला दोन चित्रांमध्ये काळे चित्र घातले, तर उजेड जवळजवळ निम्मा होतो. तो तोटा मिनी-एलईडी सहज सोसतो.

आपल्या भागात आणखी एक हिशोब करावा लागतो. पावसाळ्यात कर्जत-खोपोलीला वीज कडाडली की आपण भिंतीवरचे बटण बंद करतो. ओएलईडी टीव्ही रिमोटने बंद केल्यावर, वीज चालू असतानाच, पडद्याची आतून देखभाल करतो. बटण बंद झाले किंवा वीजच गेली की ते काम राहून जाते.

म्हणून निवड अशी करावी. रात्री, अंधाऱ्या खोलीत, खेळ बदलून बदलून खेळणार असाल तर ओएलईडी. दिवसा उघड्या खिडक्यांच्या हॉलमध्ये, जिथे आजोबा बातम्या पाहतात आणि मुले क्रिकेट, तिथे मिनी-एलईडी. फक्त जुन्या खेळांसाठी महागडा पडदा घेणे हा इस्राफच म्हणावा लागेल. घरातल्या सगळ्यांना उपयोगी पडेल तोच घ्यावा.

आणि माळ्यावर जुना डब्बा चालू स्थितीत असेल, तर तो भंगारवाल्याला देण्याआधी विचार करावा. त्याच्या काचेत शिसे असते, ती फोडून टाकणे फोडणाऱ्याच्या आरोग्याला घातक आहे. हे काम करणारे हात बहुतेकदा गरिबांचे असतात, आणि त्यांत आपल्याच समाजातले कितीतरी आहेत. एलओटी बदलून देणारा मेकॅनिक अजून मिळत असेल, तर त्याला बोलवा. ते खेळ ज्या पडद्यासाठी काढले गेले, तो पडदा आता कोणी बनवत नाही.