चंद्री गेली

निमगाव केतकीच्या मामांची चंद्री आठवते ना? आपण तिघं तिघं बसायचो तिच्यावर. ती गेली. चार वर्षं पुढच्या खुरांनी छळलं. दोनदा पोटशूळाने आडवी झाली नि उठली. या वेळी नाही उठली. डॉक्टरांनी शेवटचं इंजेक्शन देण्याआधी मामांनी गुळाचा खडा पुढे केला, तिने नुसता हुंगला.

गावात लोक म्हणायचे, "तट्टूच ते, कशाला एवढा खर्च?"

तट्टू! या शब्दाला आता शिवीचीच कळा आलीय. पण भीमेकाठची हीच ठेंगणी, काटक भीमथडी घोडी मराठ्यांच्या घोडदळाची ताकद होती. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे पडले ते आपल्या इंदापुरातच. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, घोडदळ मोडलं आणि या घोड्यांची मागणी आटली. वंश टिकवला तो धनगरांनी. दर वर्षी मेंढरांमागे फिरताना अख्खं बिऱ्हाड, कोकरं, कोंबड्या याच पाठींवर. चंद्रीही मामांनी एका मेंढपाळाकडूनच घेतली होती.

2023 मध्ये राज्यगीत झालेल्या 'गर्जा महाराष्ट्र माझा'मध्ये भीमथडीचं नाव कधीचंच आहे. स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद व्हायला मात्र 2023-24 उजाडलं. तोवर चंद्री लंगडायला लागली होती.

बांधाशेजारी पुरलं तिला. लगाम गोठ्यात खुंटीवर तसाच आहे. मामी म्हणाल्या, "काढून ठेवू का?"

मामा म्हणाले, "असू दे."