तळटीप : स्टोन

स्टोन : दक्षिण क्रोएशियातले छोटे गाव. पेल्येशात्स द्वीपकल्प मुख्य भूमीला जोडणाऱ्या चिंचोळ्या पट्टीवर ते वसले आहे. पट्टीच्या पलीकडच्या काठावर त्याचे जोडगाव, माली स्टोन. १३३३ साली डुब्रोव्हनिकच्या प्रजासत्ताकाने हा मुलूख मिळवला आणि पाठोपाठ डोंगरावरून तट बांधायला घेतला. त्यातला साधारण साडेपाच किलोमीटर भाग आजही उभा आहे. मजकुरात लेखकाने वर्णन केले आहे ते या तटाचे. पण तो एवढ्या खर्चाने कशासाठी बांधला, याचे उत्तर पायथ्याच्या मिठागरांत आहे. समुद्राचे पाणी उथळ वाफ्यांत घेऊन एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत नेतात. ऊन-वाऱ्याने ते घट्ट होत जाते आणि शेवटच्या वाफ्यांत मीठ धरते. माणसे ते अजूनही हाताने ओढून गोळा करतात. या मिठाच्या विक्रीवर प्रजासत्ताकाला मोठे उत्पन्न मिळे. माली स्टोनच्या खाडीतली कालवेही नावाजलेली आहेत. १९९६ च्या भूकंपात गावाची मोठी पडझड झाली. २०२२ साली पेल्येशात्सचा पूल खुला झाल्यापासून उत्तरेकडून डुब्रोव्हनिकला जाणारी वाहने बोस्नियाची हद्द टाळून याच बाजूने जातात. — संपा.